डेस्कटॉप घरी जोडायचा तर: भिंतीतल्या पॉइंटपासून पहिल्या स्क्रीनपर्यंत

डेस्कटॉप जोडण्याचं हातकाम दोन-तीन तासांचं आहे. पहिलीच वेळ असेल तर चार तास धरा. सोल्डरिंग लागत नाही, एक बरा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर पुरतो, आणि बहुतेक कनेक्टर असे घडवलेले असतात की ते उलटे बसतच नाहीत. तरीही नवख्यांचा पीसी पहिल्या बटणाला बऱ्याचदा सुरू होत नाही. अशा वेळी पार्ट खराब असण्याची शक्यता कमी असते. अर्धवट बसलेली रॅम, विसरून गेलेली प्रोसेसरची पॉवर केबल, भलत्याच जागी खोचलेली मॉनिटरची केबल, यातलंच काहीतरी निघतं. म्हणून खालचा क्रम सोडू नका, आणि सगळं कॅबिनेटमध्ये बंद करण्याआधी एकदा बाहेरच चालवून बघा.

आधी भिंतीकडे बघा

पार्टांची यादी करण्याआधी घरातल्या अर्थिंगची चौकशी करा. इंदूरमध्ये रामबागेत किंवा राजवाड्याच्या आसपास जुन्या घरांत अजून दोन तारांचं वायरिंग सापडतं. सॉकेट तीन पिनांचा असतो, पण वरच्या मोठ्या भोकामागे तारच नसते. कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये (पार्टांना वीज पुरवणाऱ्या डब्यात) फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून अर्थकडे जाणारे छोटे कपॅसिटर असतात. अर्थ नसेल तर कॅबिनेटचा पत्रा साधारण निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, तरंगत राहतो. करंट अगदी कमी असतो, पण हात लावला की मुंग्या येतात. ‘कॅबिनेट शॉक मारतोय’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा एसएमपीएसमध्ये नसून भिंतीत असतं.

वायरमनला मल्टिमीटर घेऊन बोलवा आणि तीन मापं घ्यायला सांगा. फेज-न्यूट्रल २३० व्होल्टच्या आसपास हवं. फेज-अर्थ जवळपास तितकंच यायला हवं. न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टांच्या आत असावं. हे शेवटचं माप बरोब्बर शून्य आलं तर खूश होऊ नका. कुणीतरी सॉकेटच्या मागे न्यूट्रलवरूनच तुकडा मारून अर्थ ‘बनवलेला’ असू शकतो. पुढे कधी न्यूट्रल तुटला तर तोच तुकडा कॅबिनेटवर थेट फेज आणून ठेवतो. तेव्हा सॉकेट उघडून तपासून घ्याच. अर्थिंगचा खड्डा असला तरी माळव्याची काळी माती उन्हाळ्यात सुकून भेगाळते आणि इलेक्ट्रोडचा मातीशी संपर्क कमी होतो. एप्रिल-मेमध्ये त्या खड्ड्यात पाणी घालत राहावं लागतं.

घरात इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्ह प्रकारचा आहे का बघा, आणि मागचा स्विच ‘यूपीएस’ मोडवर ठेवा. वीज गेल्यावर एसएमपीएस स्वतःच्या साठ्यावर जेमतेम १५-१७ मिलिसेकंद तग धरतो. साध्या मोडवर इन्व्हर्टर त्यापेक्षा जास्त वेळ घेतो आणि पीसी रीस्टार्ट होतो. स्वतंत्र यूपीएस घ्यायचा असेल तर ग्राफिक्स कार्ड (स्क्रीनवरचं चित्र तयार करणारं वेगळं कार्ड) नसलेल्या पीसीला ६०० व्हीए पुरतो. कार्ड असेल तर १००० व्हीएच्या खाली जाऊ नका, आणि मॉनिटरचा प्लगही त्याच यूपीएसवर लावा.

कशाचा जोड कशाशी

घरचं काम, अभ्यास, थोडं फोटो-व्हिडिओ एडिटिंग आणि हलके गेम यासाठी एक साधा, माफक खर्चाचा संच असा:

- प्रोसेसर: रायझन ५ ५६००जी, सोबत कंपनीचा कूलर
- मदरबोर्ड (सगळे पार्ट ज्याला जोडायचे तो मुख्य बोर्ड): बी५५० चिपसेट, मायक्रो एटीएक्स आकाराचा
- रॅम: डीडीआर४, ३२०० वेगाची, ८ जीबीच्या दोन काड्या
- एसएसडी (फाइली साठवणारा पार्ट): एम.२ एनव्हीएमई, ५०० जीबी किंवा १ टीबी
- एसएमपीएस: ५५० वॅट, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचा दाखला)
- कॅबिनेट: पुढची बाजू जाळीची, किमान दोन १२० मिमीचे पंखे

भाव मुद्दाम दिलेले नाहीत, ते आठवड्यागणिक हलतात. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव झपाट्याने चढले, त्यामुळे त्याआधीचं एखादं जुनं कोटेशन मनात धरून बजेट आखू नका.

वरचा संच बदलायचा असेल तर चार जोड जुळतात का ते तपासा. पहिला प्रोसेसर आणि सॉकेटचा. ५६००जी एएम४ सॉकेटचा आहे. रायझन ७००० पासूनचे डेस्कटॉप प्रोसेसर एएम५ चे, आणि इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीचे एलजीए १७००. एकाचा प्रोसेसर दुसऱ्याच्या बोर्डावर चालत नाही. दुसरा जोड रॅमचा. एएम४ वर फक्त डीडीआर४, एएम५ वर फक्त डीडीआर५. एलजीए १७०० चे बोर्ड मात्र दोन्ही प्रकारांत मिळतात, पण एका बोर्डावर एकच चालते. दोन्ही रॅमची खाच वेगळ्या जागी असते. बसत नाही म्हणून जोर लावणाऱ्याचा स्लॉट तुटतो.

तिसऱ्या जोडाशी नवखे हमखास अडतात: चित्र कुठून येणार? ५६००जी मध्ये ग्राफिक्स आहे, साध्या ५६०० मध्ये नाही. इंटेलच्या नावाशेवटी ‘एफ’ असेल तर त्यातही नाही. काउंटरवर ‘ये वाला थोड़ा सस्ता पड़ेगा’ असं म्हणून एफ पुढे केला जातो तेव्हा वेगळं कार्ड घेणार आहात का, हे स्वतःला विचारा. कार्ड नसेल तर स्क्रीनवर काहीच येणार नाही.

चौथा जोड आकाराचा. एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिमीचा, मायक्रो एटीएक्स जास्तीत जास्त २४४ बाय २४४. मोठ्या कॅबिनेटात छोटा बोर्ड बसतो, उलट नाही. ग्राफिक्स कार्डाची लांबी आणि कूलरची उंची कॅबिनेटच्या माहितीपत्रकाशी ताडून बघा.

वॅटचा हिशेब अवघड नाही. ५६००जी पूर्ण भाराला फार तर ८०-९० वॅट घेतो, बाकी बोर्ड, पंखे, एसएसडी मिळून ५० धरा. पुढे कधी ११५ ते १७० वॅटचं कार्ड टाकलं तरी ५५० मध्ये ते आरामात बसतं. पैसे वाचवायचे तर कॅबिनेटच्या रंगीत दिव्यांत वाचवा, एसएमपीएसमध्ये नको. कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा, ८० प्लसचा शिक्का नसलेला एसएमपीएस दुकानातच ठेवून या.

इंदूरमध्ये पार्ट प्रत्यक्ष बघून घ्यायचे तर आरएनटी मार्गावरचा सिल्व्हर मॉल. पहिल्याच काउंटरवर पैसे मोजू नका, दोन-तीन ठिकाणी एकाच यादीवर कोटेशन लिहून घ्या. जीएसटी १८ टक्के धरून पक्कं बिल मागा आणि त्यावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर लिहून घ्या. कच्च्या बिलावर दोन-चारशे वाचतात, पण दीड वर्षांनी वॉरंटी मागायला जाल तेव्हा हातात काहीच नसतं. प्रोसेसर सीलबंद डब्यातलाच घ्या. ‘ट्रे’ म्हणून सुटा मिळणारा स्वस्त असतो, पण त्यावर ग्राहकाला कंपनीची वॉरंटी सहसा मिळत नाही. एएम५ किंवा एलजीए बोर्ड घेत असाल तर डबा काउंटरवरच उघडून, मोबाइलच्या टॉर्चने सॉकेटच्या पिना तिरक्या कोनातून बघा. सगळ्या एकसारख्या चमकायला हव्यात. वाकलेली पिन वॉरंटीत धरत नाहीत, आणि घरी गेल्यावर ती कुणी वाकवली हे सिद्ध करता येत नाही.

टेबलाची तयारी

लाकडी टेबल, स्क्रू ठेवायला स्टीलच्या तीन वाट्या, टॉर्च आणि मदरबोर्डचं मॅन्युअल. डब्यात नुसतं छोटं पत्रक आलं असेल तर पूर्ण मॅन्युअल मोबाइलवर उतरवून ठेवा, ते चार वेळा तरी उघडावं लागेल. खाली सतरंजी-गालिचा नको, अंगात नायलॉनचे कपडे नकोत. स्थिर विजेचा धोका डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत सगळ्यात जास्त असतो. मनगटाचा पट्टा नसेल तर एसएमपीएसचा प्लग भिंतीत लावा, बटण मात्र बंदच ठेवा, आणि पार्ट हातात घेण्याआधी त्याच्या पत्र्याला दर वेळी हात लावा. आपल्याकडचा स्विच फेज तोडतो, अर्थ जोडलेलाच राहतो, म्हणून अंगावरचा चार्ज उतरतो. अर्थिंग खरं असेल तरच याचा उपयोग.

कॅबिनेटच्या बाहेर

१. मदरबोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या डब्यावर ठेवा. ज्या चंदेरी पिशवीतून तो आला तिच्यावर ठेवून चालू करू नका, ती बाहेरून वीज वाहू देते.

२. सॉकेटशेजारची दांडी वर उचला. प्रोसेसर कडांना धरा आणि त्याच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात. तो स्वतःच्या वजनानेच खाली बसला पाहिजे. बसत नसेल तर उचलून पुन्हा बघा, बोटाने दाबू नका. मग दांडी खाली. एएम५ आणि एलजीएमध्ये पिना सॉकेटात असतात, आणि दांडी खाली आणताना भीती वाटावी इतका जोर लागतो. तिथे तो जोर योग्यच आहे. त्या वेळी उडणारं काळं प्लास्टिकचं झाकण जपून ठेवा, बोर्ड वॉरंटीत पाठवताना ते लागतं.

३. रॅम. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये दोन काड्या. त्या पहिल्या-दुसऱ्या किंवा तिसऱ्या-चौथ्या स्लॉटमध्ये शेजारी-शेजारी लावल्या तर दोन्ही एकाच चॅनेलवर, म्हणजे डेटाच्या एकाच वाटेवर जातात. ५६००जी चं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं, त्यामुळे गेममध्ये फरक सरळ डोळ्यांना दिसतो. खाच जुळवा, दोन्ही टोकांवर अंगठ्याने दाबा, क्लिपचा टक् आवाज येईपर्यंत. काही बोर्डांवर एकाच बाजूला क्लिप असते. तिथे दुसरी बाजू वर राहून जाते आणि लक्षातही येत नाही.

४. एसएसडी प्रोसेसरजवळच्या एम.२ स्लॉटमध्ये साधारण ३० अंशांच्या तिरप्या कोनात सरकवा, खाली दाबा आणि बारीक स्क्रू लावा. हा स्क्रू एकदा गालिच्यात पडला की सापडत नाही. बोर्डाला एसएसडीचा हीटसिंक (उष्णता शोषणारा धातूचा तुकडा) असेल तर त्याच्या पॅडवरचा पातळ प्लास्टिक कागद आधी काढा.

५. कूलर. ५६००जी सोबतच्या कूलरला खालून थर्मल पेस्ट (उष्णता पुढे नेणारा लेप) लावूनच येते, तिला बोट लावू नका. सॉकेटच्या दोन बाजूंचे प्लास्टिकचे ब्रॅकेट काढा. त्यांचे चार स्क्रू सुटले की बोर्डामागची पट्टी मोकळी होते, तिला खालून हाताने धरून ठेवा. कूलर वरून सरळ ठेवा आणि चार स्क्रू आडव्या-तिरप्या क्रमाने दोन-दोन वेढे देत कसा. एकच कोपरा आधी पूर्ण आवळला तर दुसरी बाजू उचलली जाते. पंख्याची वायर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या पिनांवर, दुसरीकडे नाही, नाहीतर सुरू होताच पंख्याची एरर येते. वेगळा कूलर घेतला असेल तर मटारच्या दाण्याएवढी पेस्ट मधोमध ठेवा. पोळीला तूप लावल्यासारखी पसरण्याची गरज नाही.

६. आता चाचणी. एसएमपीएसची २४ पिनांची केबल बोर्डाला आणि ८ पिनांची ‘सीपीयू’ लिहिलेली केबल वरच्या डाव्या कोपऱ्यात लावा. ग्राफिक्स कार्डाची ८ पिनांची केबल तशीच दिसते, पण तिची जोडणी वेगळी असते, म्हणून लेबल वाचा. मॉनिटर बोर्डाच्या एचडीएमआयला. एसएमपीएसचं बटण चालू करा आणि बोर्डावरच्या पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. पंखा फिरला आणि स्क्रीन आली की मोठं काम झालं. एएम५ आणि डीडीआर५ असेल तर पहिल्या वेळी रॅमची जुळवाजुळव चालते आणि काही मिनिटं स्क्रीन काळीच राहते. त्या वेळात बटण दाबत बसू नका.

कॅबिनेटच्या आत

प्लग काढा. बोर्डासोबत मिळालेली मागची पत्र्याची पट्टी सुटी असेल तर ती आधी आतून ठोकून बसवा. बोर्ड लावून झाल्यावर ही आठवली तर सगळं परत खोलावं लागतं. मग कॅबिनेटमधले पितळेचे छोटे खांब, यांना स्टँडऑफ म्हणतात, बोर्डाच्या भोकांशी ताडून बघा. जिथे भोक नाही तिथला खांब काढून टाका, तो बोर्डाच्या मागच्या टाक्यांना टेकून शॉर्ट करतो. प्रोसेसरची ८ पिनांची केबल बोर्ड बसवण्याआधीच वरच्या कोपऱ्यातून ओढून घ्या, नंतर तिथे बोट जात नाही. बोर्डाचे सगळे स्क्रू आधी सैल लावा, मग घट्ट करा.

एसएमपीएसचा पंखा तळाच्या जाळीकडे तोंड करून. मॉड्युलर, म्हणजे सुट्या होणाऱ्या केबलींचा एसएमपीएस असेल तर त्याच्याच डब्यातल्या केबल वापरा. दुसऱ्या कंपनीची केबल बसते, पण आतली पिनांची मांडणी निराळी असू शकते, आणि एसएसडी-हार्डडिस्क जळतात त्या अशाच.

समोरच्या बटणांच्या बारीक वायरींवर सगळे वैतागतात, पण मांडणी ठरलेली आहे. नऊ पिनांच्या गटात १ आणि ३ हार्डडिस्कचा दिवा, २ आणि ४ पॉवरचा दिवा, ५ आणि ७ रीसेट, ६ आणि ८ पॉवर बटण. दहावी पिन नसतेच, त्यावरून दिशा ओळखा. दिव्यांना प्लस-मायनस लागतं (१ आणि २ प्लस), बटणांना नाही. पुढच्या यूएसबी ३ चा जाड निळा-काळा कनेक्टर मात्र जपून सरळ लावा, त्याच्या पिना फार चटकन वाकतात.

पंखे: पुढचे हवा आत घेणारे, मागचा बाहेर फेकणारा. पंख्याच्या ज्या बाजूला आडव्या काड्यांची चौकट असते, त्या बाजूने हवा बाहेर पडते. ग्राफिक्स कार्ड असेल तर ते सगळ्यात शेवटी वरच्या लांब स्लॉटमध्ये बसवा. क्लिपचा आवाज ऐका, मागचे दोन स्क्रू लावा, स्वतंत्र पॉवर केबल जोडा. आणि आता मॉनिटरची केबल कार्डावर, बोर्डावर नाही.

केबल मागे ओढून टायने बांधा. सुबकपणाच्या नादात एखादी केबल ताणून कनेक्टर सैल करू नका.

बायोस आणि विंडोज

चालू करताच डिलीट किंवा एफ२ दाबत राहा. बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगच्या स्क्रीनवर) रॅमचं एकूण माप, एसएसडीचं नाव आणि प्रोसेसरचं तापमान बघा. ग्राफिक्स स्वतःसाठी थोडी रॅम राखून ठेवतं, म्हणून विंडोजमध्ये वापरायला १६ पेक्षा कमी जीबी दिसेल, ती चूक नव्हे. रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारा एक्सएमपी किंवा डीओसीपी नावाचा पर्याय चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम अनेकदा २१३३ किंवा २६६६ वरच चालत राहते आणि तुम्ही पैसे मोजलेले असतात ३२०० चे.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, म्हणून नव्या पीसीवर विंडोज ११ किंवा एखादं लिनक्स टाका. दुसऱ्या कॉम्प्युटरवर ८ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये इन्स्टॉलर बनवून ठेवा. विंडोज ११ सेटअपच्या मधोमध इंटरनेट मागतं, आणि नव्या बोर्डाचा लॅन किंवा वायफाय ड्रायव्हर (पार्ट चालवणारा छोटा प्रोग्राम) त्यात अनेकदा नसतो. इथे बरेच जण अडकतात. अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग चालू करा, त्याला सहसा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. काम झालं की बोर्ड कंपनीच्या साइटवरून चिपसेट आणि ग्राफिक्सचे ड्रायव्हर टाका. भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडली की इनस्क्रिप्ट कीबोर्ड तिथेच मिळतो, विंडोज आणि स्पेस दाबून भाषा बदलते.

सुरूच होत नसेल तर

काहीच हलत नाही, दिवाही नाही: एसएमपीएसमागचा स्विच, भिंतीतलं बटण, २४ पिनांची केबल आणि पॉवर बटणाच्या ६-८ पिना, याच क्रमाने.

पंखे फिरतात, चित्र नाही: प्रोसेसरची ८ पिनांची केबल बघा. मग मॉनिटरची केबल योग्य जागी आहे का बघा. तरीही नाही तर एकच रॅम काडी प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये ठेवून चालू करा, नंतर दुसरी काडी त्याच जागी. बऱ्याच बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे चार बारीक दिवे असतात. जो दिवा अडून राहतो तिथे शोध घ्या. जुन्या स्टॉकमधला बोर्ड असेल तर त्याचं बायोस नव्या प्रोसेसरला ओळखत नसेल. दुकानदाराकडून अपडेट करून घ्या, किंवा बोर्डाला फ्लॅशबॅकचं बटण असेल तर पेनड्राइव्हने घरीच होतं.

सुरू होतो आणि काही सेकंदांत बंद पडतो: कूलर नीट टेकलेला नाही, पंख्याची वायर राहिली, किंवा कुठला जादा स्टँडऑफ बोर्डाला टेकतोय. एक्सएमपी चालू केल्यावर अडला तर प्लग काढून सीआर२०३२ चा गोल सेल पाच मिनिटं काढून ठेवा. सेटिंग मूळ जागी येतं.

मे महिना आणि कूलर

तापमान दाखवणारा एचडब्ल्यू-इन्फोसारखा प्रोग्राम टाका, आणि अर्धा तास भार देऊन, म्हणजे एखादं जड काम चालवून, तापमान बघा. खोली ४० अंशांवर असेल तर रिकामा बसलेला प्रोसेसरही ५० दाखवतो, त्याने घाबरू नका. भाराला ८०-८५ ठीक. ९५ ला जाऊन वेग पडायला लागला तर कूलरचे स्क्रू आणि पेस्ट पुन्हा बघा.

वाळ्याच्या कूलरच्या थेट झोतात कॅबिनेट ठेवू नका. त्या हवेत ओल असते, थेंब उडतात, आणि ओली धूळ हीटसिंकच्या पात्यांत चिखलासारखी चिकटते. कॅबिनेट जमिनीवरून वीतभर तरी वर ठेवा. इंदूर स्वच्छता सर्वेक्षणात २०१७ ते २०२३ सलग पहिल्या नंबरावर आलेलं असलं तरी बांधकामाची धूळ खिडकीतून येतच राहते. पुढची जाळी महिन्यातून एकदा काढून धुवा, पूर्ण वाळवा, मग बसवा. दर तीन महिन्यांनी पीसी बंद करून आतली धूळ ब्लोअरने उडवा, आणि त्या वेळी पंख्याचं पातं बोटाने अडवून धरा. जोरात फिरू दिलं तर त्याचं बेअरिंग खराब होतं.

मदरबोर्ड, कार्ड आणि एसएमपीएसचे डबे वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर राहू द्या. जुन्या पीसीतून निघालेले बोर्ड आणि सेल सुक्या कचऱ्यात मिसळू नका, इंदूरच्या कचरागाडीत ई-कचऱ्याचा वेगळा कप्पा असतो, त्यात टाका.